फाशांवर घाट उतरायचा: नवख्या लोकांना प्रवासाचा गेम कसा खेळवायचा

टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकानं एकेक माणूस होऊन मिळून गोष्ट रचायची तसले खेळ, म्हटलं की बहुतेकांना तलवारी, राक्षस आणि अंधारी भुयारं आठवतात, आणि त्यात चूक काही नाही कारण या प्रकारातला पहिला मोठा गेम, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत आला तो लढायांच्या खेळांतूनच निघालेला. पण याच प्रकारात एक शांत वाट पण आहे आणि मला ती फार आवडते. तिच्यात मारामारी जवळजवळ नसते, असतो तो प्रवास. आज पाऊस आहे का, पाय दुखतोय का, रात्री कुठं टेकायचं, वाटेत भेटलेल्या म्हातारीला काय पाहिजे, एवढ्यावर तीन तास कसे जातात कळत नाही.

या वाटेवरचा सगळ्यात गोड गेम म्हणजे जपानचा र्‍यूतामा, २००७ सालचा. त्यातली कॅरेक्टर म्हणजे शेतकरी, व्यापारी, शिकारी, वैद्य, कारागीर, गाणारा आणि फार तर एखादा सरदार घराण्यातला. त्या जगात प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी लांबच्या प्रवासाला निघतो, आणि नियम सगळे त्याभोवतीच, म्हणजे हवामान, चालणं, दिशा, मुक्काम. आपल्याकडच्या ज्या घरातनं कोणीतरी पंढरपूरला चालत गेलंय त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला लागत नाही, ते लगेच मान हलवतात.

तो गेम विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. त्यातल्या चांगल्या कल्पना घेऊन, दोन लुडोच्या फाशांवर, आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या रस्त्यांवर कसं खेळवायचं ते सांगते. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचं सगळं त्यातनंच येतं: नवख्या माणसाला नियम येत नसतात पण रस्ता येतो. चोर्ल्याचा घाट बसमधनं उतरताना पोटात कसं होतं, जांबोटीच्या पुढं मोबाईलला रेंज कशी जाते, खानापुरात पावसात छत्री कशी उलटी होते हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यामुळं त्याला माहीत असलेल्या रस्त्यावर खेळ लावला की पहिल्या पाच मिनिटात तोच जाणकार होतो आणि "मला काय जमणार नाही ह्यातलं" हे वाक्य येतच नाही.

आधी ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण खेळवणारा. तो सांगतो तुम्ही कुठं आहात, समोर काय आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस होतात आणि आपला माणूस काय करतो, काय बोलतो ते सांगतात. जिथं काय होईल याची खरोखर शंका आहे तिथं फासे टाकायचे. बस. जिंकणं-हरणं नाही, पाठांतर नाही, नाटक करायला पाहिजे असं पण नाही, "माझा कुंभार म्हणतो की थांबूया" एवढं म्हटलं तरी झालं.

माणसं किती? खेळवणारा सोडून तीन किंवा चार. सहा झाले की गप्प बसणारा गप्पच राहतो आणि त्याची पाळी येईपर्यंत चहा गार होतो. वयाची अट घालू नका, सातवीतला भाचा आणि त्याची आत्या एका टेबलावर असली की खेळ जास्त चांगला होतो, कारण मुलं बिनधास्त पुढं जातात आणि मोठी माणसं "अरे थांब, पहिला बैलाला पाणी दाखव" म्हणतात, आणि प्रवासाच्या खेळाला दोन्ही पाहिजेत. शेजारच्या घरातली कन्नड बोलणारी मैत्रीण असेल तर तिला पण नक्की बोलवा, तिचा उपयोग पुढं सांगते.

खेळ सुरू करायच्या आधी दहा मिनिटं एक बोलणं करून घ्या आणि ते टाळू नका. काय नको ते ठरवायचं. कोणाला सापाचं वर्णन नको असतं, कोणाच्या घरात पाण्याचा अपघात झालेला असतो, तर नदीत बुडायचा प्रसंग नको. कारण विचारायचं नाही, नको म्हटलं की संपलं. खेळताना मध्येच कोणाला काही खुपलं तर "थांब" म्हणायचं आणि खेळवणाऱ्यानं लगेच गाडी दुसरीकडं वळवायची. आणि आपल्याकडं अजून एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, सीमाप्रश्न. हा विषय आपल्या घराघरात आहे, त्याच्याबद्दल लोकांना मनापासून वाटतं आणि अर्ध्या तासात टेबलाची सभा होऊ शकते. मी सरळ सांगते की हा खेळ रेल्वे यायच्या आधीच्या काळात आहे, माल बैलांच्या पाठीवर जायचा त्या काळात, आणि तो प्रश्न आज बाहेर ठेवायचा. सगळे आनंदानं हो म्हणतात कारण सगळ्यांनाच तीन तास दुसरं काहीतरी पाहिजे असतं.

तो काळ निवडायला अजून एक कारण आहे. बेळगावहून रामघाटानं खाली वेंगुर्ल्याच्या बंदराला जायची जुनी वाट होती, वरनं धान्य आणि गूळ खाली, खालनं मीठ, सुकी मासळी, नारळ वर. म्हणजे प्रवासाला कारण शोधायला लागत नाही, माल पोचवायचाय एवढं पुरे. आणि गाडीघोडा नसल्यामुळं हवामान, चिखल, ओझं ह्या गोष्टींना खरी किंमत येते.

आता कॅरेक्टर. ह्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. कागदाच्या अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहायच्या: काम काय, कशासाठी निघालाय, घरी कोण वाट बघतंय, पिशवीत काय आहे. कामं आपल्याच भागातली द्या. खानापूरचा कुंभार, शहापूर-वडगावचा विणकर साड्यांचं गाठोडं घेऊन, निपाणीकडचा तंबाखूचा व्यापारी, धनगर, गोंधळी, झाडपाल्याची औषधं देणारी बाई, मिठाई करणारा. "कशासाठी निघालाय" ह्या प्रश्नाला वेळ द्या. व्यापार हे उत्तर चालेल पण त्याच्या खाली अजून एक विचारा. एका काकूंनी सांगितलं की माझी विणकर बहिणीला भेटायला निघालीय, बहिणीचं लग्न होऊन ती घाटाखाली गेली आणि नंतर निरोपच नाही. त्या दिवशी सगळ्या टेबलाला त्या बहिणीचीच काळजी लागून राहिली, माल राहिला बाजूला.

चार गुण ठेवायचे. बळ, चपळाई, डोकं आणि धीर. त्यातल्या एकाला +१, एकाला −१, बाकी दोन शून्य. फासे टाकायचे तेव्हा लुडोचे दोन फासे, त्यांची बेरीज, त्यात तो गुण मिळवायचा, आणि ठरलेला आकडा गाठला तर जमलं. र्‍यूतामात प्रत्येक गुणाला वेगळा फासा असतो, चार बाजूंचा, सहा, आठ असे, आणि दोन गुणांचे दोन फासे एकदम टाकायचे. ते फासे मिळाले तर छान वाटतात हातात, पण पहिल्या वेळी घरातला लुडो काढा, कोणाला काही नवीन शिकायला लागत नाही.

आकडे कसे ठरवायचे ते समजून घ्या म्हणजे हात आपोआप बसतो. दोन फाशांवर ६ किंवा जास्त यायची शक्यता ७२ टक्के, ७ ची ५८, ८ ची ४२, ९ ची २८ आणि १० ची फक्त १७. म्हणून सपाट रस्ता ६, रात्रीचा मुक्काम नीट लावणं ७, घाट ८. जोराचा पाऊस असेल तर हा आकडा १ नं वाढवा. आणि दुसऱ्या कोणी मदत केली, म्हणजे नुसतं "मी मदत करतो" नाही तर कशी ते सांगितलं, तर फाशात +१. बघा, घाटातला ८ आकडा एकट्याला अवघड आहे, पण ज्याचा गुण +१ आहे आणि ज्याला कोणी हात दिलाय त्याला तोच आकडा ७२ टक्क्यांवर जातो. म्हणजे एकमेकांना मदत करा असं तुम्हाला तोंडानं सांगायला लागत नाही, फासेच सांगतात. नवख्या लोकांना ९ च्या वरचा आकडा शक्यतो देऊ नका.

दोन्ही फाशांवर १ पडला की घोळ. मटका सांडतो, पाय घसरतो, चप्पल तुटते. पण तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांना एकेक चिंचोका द्यायचा, आणि तो पुढं कधीही परत देऊन आपल्या फाशात १ वाढवता येतो. एकाच्या फजितीचा फायदा सगळ्यांना ही कल्पना र्‍यूतामाचीच आणि नवख्यांसाठी तर ती सोन्यासारखी आहे, कारण ज्याला भीती असते की आपल्यामुळं सगळ्यांचं बिघडेल, त्याचाच फासा वाईट पडला की सगळे टाळ्या वाजवतात.

ओझं. प्रत्येकानं सहा वस्तू घ्यायच्या, जास्त नाही, आणि सगळ्यांत मिळून एक बैल, त्याच्यावर अजून दहा. किलो आणि शेर मोजत बसू नका. घोंगडं, दोर, भाकऱ्यांचं फडकं, कंदील, पाण्याची घागर, आणि प्रत्येकाची एक वस्तू अशी की जिचा प्रवासात काही उपयोग नाही पण सोडवत नाही. ती शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावरनं रात्रीच्या मुक्कामाला गप्पा सुरू होतात. बैलाचं नाव प्लेयरनाच ठेवू द्या. आणि सुरुवातीलाच मोठ्यानं सांगून टाका की बैल मरणार नाही. दमेल, रुसेल, चिखलात बसेल, पण मरणार नाही. हे सांगितलं की लोक त्याच्यावर जीव लावायला मोकळे होतात.

आता रस्ता. कोऱ्या कागदावर एक वाकडीतिकडी रेघ ओढा आणि चार-पाच ठिपके द्या. रामघाटाच्या वाटेची गावं आता फार जणांना पाठ नसतात म्हणून पहिल्या खेळाला मी चोर्ल्याची वाट घेते: बेळगाव, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ल्याचा घाट उतरून गोवा. नकाशा छापून आणू नका, हातानं काढा आणि चुकीचा काढा, म्हणजे कोणीतरी पेन्सिल ओढून घेऊन म्हणतं "अगं किणये इकडं येतं की", आणि ते पेन्सिल धरलेलं माणूस तिथून पुढं खेळात आलेलं असतं. पहिल्या सेशनला कणकुंबीपर्यंत पोचलात तरी भरपूर झालं, घाट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

कणकुंबी सोडू नका पण. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच खानापूर तालुक्यातनं म्हादई निघते ती पश्चिमेला गोव्यात आणि अरबी समुद्रात. तर तिथल्या डोंगरावर मुक्काम पडला की मी विचारते, पाऊस पडतोय, एक थेंब इकडं गेला तर त्या समुद्रात, तिकडं गेला तर ह्या समुद्रात, तुमच्या माणसाला कुठं जावंसं वाटतंय? ह्याला फासे नाहीत, बरोबर उत्तर नाही. नुसतं विचारायचं आणि थांबायचं. कितीतरी वेळा अख्ख्या खेळातलं सगळ्यात खरं बोलणं ह्याच प्रश्नावर झालंय.

दिवस कसा चालवायचा, तर रोज तेच चक्र. सकाळी हवामान, मग तब्येत, मग चाल, वाटेत एक प्रसंग, मग मुक्काम. नियम म्हणून आधी वाचून दाखवू नका, पहिला दिवस खेळतच शिकवा, दुसऱ्या दिवशी मुलं स्वतःच म्हणतात "आता हवामान टाकू?"

हवामानाला एक फासा. आषाढ असेल तर १ ला उघडीप, २-३ ला बुरबुर, ४ ला धुकं, ५-६ ला जोराचा पाऊस. मार्गशीर्षात खेळत असाल तर उलटं, १ ते ४ स्वच्छ ऊन आणि थंडी, ५ ला सकाळचं दाट धुकं, ६ ला आभाळ. महिना कुठला घ्यायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मला पावसाळा आवडतो कारण पश्चिमेला जंगलाकडं सरकलं तसा पाऊस वाढत जातो हे आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं जांबोटीच्या पुढं मी हवामानाच्या फाशात १ वाढवते आणि कोणी कारण विचारत नाही. (पूर्वेला जायचं असेल, सौंदत्तीकडं, तर मोकळं माळरान, ऊन आणि काळी माती, तो वेगळाच खेळ होतो, पाणी शोधायचा.)

तब्येतीला प्रत्येकानं दोन फासे आणि धीर. १० किंवा वर आलं तर आज अंगात उत्साह आहे, दिवसभरात एकदा +१. ४ किंवा खाली आलं तर आज काहीतरी दुखतंय, पहिल्या फाशाला −१. का ते प्लेयरनं सांगायचं. "रात्री कुशीखाली दगड होता", "आईची आठवण आली", "काल जास्त खाल्लं". ही एक ओळ प्रत्येकाकडनं घ्याच, कारण त्यामुळं सकाळीच प्रत्येकाचं तोंड एकदा उघडतं, लाजऱ्याचं सुद्धा.

चाल म्हणजे बळाचा फासा, आकडा रस्त्याप्रमाणं. वाट शोधायची असेल तर एकानंच डोक्याचा फासा टाकायचा आणि बाकीच्यांनी मदत. मुक्कामाला चपळाई किंवा डोकं, जो चूल पेटवतोय त्याप्रमाणं.

आणि नाही जमलं तर? इथं खेळवणाऱ्याचा खरा कस आहे. "नाही जमलं, परत टाक" असं कधी म्हणू नका, आणि शिक्षा पण देऊ नका. न जमणं म्हणजे उशीर होणं, भिजणं, एखादी वस्तू जाणं, किंवा कोणाचे तरी उपकार घ्यायला लागणं. हा शेवटचा सगळ्यात चांगला. चूल पेटली नाही तर शेजारच्या वाडीत विस्तव मागायला जायला लागतं, तिथं एक अज्जी भेटते, ती विस्तव देते पण आधी विचारते "कोणाची रं पोरं तुम्ही, कुठं जाऊलाय ह्या पावसात?" आणि झाली की गोष्ट सुरू. चूल पेटली असती तर ती अज्जी भेटलीच नसती.

वाटेतला प्रसंग दिवसाला एकच पुरे. मी प्रत्येक भेटणाऱ्या माणसाबद्दल दोनच गोष्टी लिहून ठेवते, हातात काय आहे आणि पाहिजे काय. म्हातारा, हातात बंद पाकीट, ते कोणीतरी वाचून दाखवायला पाहिजे. पोरगी, हातात तुटलेलं दावं, म्हैस ओढ्यापलीकडं गेलीय. दुकानदार बाई, हातात वजनकाटा, तिला कन्नडशिवाय काही येत नाही आणि तिला तुमच्यापैकी कोणावर तरी विश्वास ठेवायचाय. इथं ती शेजारची मैत्रीण कामाला येते. मी दुकानदारबाईचं बोलणं माझ्या मोडक्या कन्नडमध्ये करते आणि ती मैत्रीण बाकीच्यांना सांगते. त्यासाठी फासा नाही, तिला भाषा येते तर तिच्या माणसाला पण येते. घाट उतरल्यावर कोकणी सुरू होते तेव्हा टेबलावर ज्याची मावशी गोव्यात आहे तो पुढं होतो. आपल्याकडं रोजच्या बाजारात हे असंच चालतं, त्यामुळं कोणाला शिकवायला लागत नाही, आणि नवख्या माणसाला कळतं की आपण घरनं जे आणलंय ते इथं चालतंय.

एक प्रसंग कसा चालतो ते दाखवते, जांबोटीच्या अलीकडं, संध्याकाळ. बैलाचं नाव प्लेयरनी सर्जा ठेवलंय.

खेळवणारी: धुकं उतरलंय, सर्जा एकदम थांबलाय, पुढं जायला तयार नाही. समोर रस्त्यात गवा. एकटाच. तुमच्याकडं बघतोय.
कुंभार: मी दगड मारतो.
खेळवणारी: मारू शकतोस. तुला काय वाटतंय, काय होईल?
कुंभार: बिथरंल तो... आणि सर्जा उधळला तर माझी मडकी. नको नको, नाही मारत.
विणकर: थांबूया की. सर्जाला जरा मागं घ्या. त्याची वाट आहे ती, जाईल तो.
खेळवणारी: थांबलात. अंधार पडत चाललाय. तेवढ्यात कोण काय करतंय?
धनगर: मी सर्जाच्या मानेवर हात ठेवून ओवी म्हणतो, हळू.
खेळवणारी: कसली ओवी?
धनगर: माझ्या आजोबाची. मेंढरं बुजली की म्हणायचे ते.
खेळवणारी: सर्जाचा श्वास हळू होतोय. गवा कान हलवतो, आणि सावकाश झाडीत उतरून जातो. पण उशीर झाला, जांबोटीला पोचेपर्यंत रात्र होणार. कंदील कोणाकडं आहे?

बघा, ह्यात एकदाही फासा टाकला नाही आणि टाकायची गरज पण नव्हती. प्लेयरनी शहाणपणाचं काहीतरी केलं की ते होऊ द्यायचं. आणि "दगड मारतो" ह्याला मी नाही म्हटलं नाही, उलट विचारलं. नवख्या खेळवणाऱ्याला माझा हाच सल्ला आहे, हातात काही नसेल तर प्रश्न विचारा. "वाडीत शिरताना पहिला वास कसला येतो?" "हा पूल तुझ्या माणसानं आधी पाहिलाय का, कोणाबरोबर?" तुम्ही तीन वाक्यांपेक्षा जास्त वर्णन करू नका, एक दिसणारी गोष्ट आणि एक ऐकू येणारी किंवा वासाची, आणि मग तोंड प्लेयरकडं.

गप्प बसणाऱ्याला "तू काय करतोस?" असा मोकळा प्रश्न विचारला की तो अजून आत जातो. त्याला दोन पर्याय द्या. "तू सर्जाबरोबर थांबतोस का अज्जीबरोबर आत जातोस?" आणि काहीही निवडलं तरी त्याला तिथं काहीतरी मिळू दे. जास्त बोलणाऱ्याला तोडायचं नाही, त्याच्याच माणसाकडनं विचारायचं, "तुझ्या व्यापाऱ्याला वाटतंय की धनगराला ह्या जंगलातलं जास्त कळतं, तू त्याला काय विचारतोस?" तो खूश आणि दुसऱ्याला बोलायची जागा.

देवस्थानं आणि माणसं ह्यांच्याबद्दल जरा काळजी घ्या. आपल्या रस्त्यावर देऊळ येणारच, कणकुंबीला माउली आहे, हलशीला कदंब राजांच्या काळातली देवळं आहेत, सौंदत्तीला यल्लम्मा. तिथं थांबायचं, पाया पडायचं, ओटीवर झोपायचं, हे सगळं खेळात फार सुंदर येतं. पण देवाकडनं चमत्कार करून घेऊ नका आणि श्रद्धेवर फासा टाकू नका, टेबलावर कोणाचं तरी ते कुलदैवत असतं. तसंच धनगर, लमाणी, कुंभार ही माणसं आपल्या आजूबाजूची आहेत, त्यांची बोली काढून हसायचा प्रकार व्हायला लागला तर खेळवणाऱ्यानं तिथंच थांबवायचं.

खाण्याचं थोडक्यात: भडंग किंवा चिरमुरे वाटीत, भजी मध्यंतराला वेगळी, नाहीतर नकाशाला तेल लागतं. मुक्कामाचा प्रसंग आणि खरा चहा एकाच वेळी आणा, लोक आपोआप हळू बोलायला लागतात.

वेळ अडीच ते तीन तास, आणि शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. र्‍यूतामात खेळवणाऱ्याचं पण एक कॅरेक्टर असतं, एक ड्रॅगन जो ह्या प्रवाशांच्या मागं मागं राहतो आणि त्यांच्या प्रवासाची हकीगत लिहून ठेवतो. मी ते काम एका साध्या दोनशे पानी वहीवर केलंय. शेवटी प्रत्येकानं आपल्या माणसाच्या तोंडची एक ओळ सांगायची आणि मी ती जशीच्या तशी लिहायची, शुद्ध करत बसायचं नाही. "आज सर्जानं माझी भाकरी खाल्ली, मी काही बोललो नाही." पुढच्या वेळी खेळ सुरू करताना हीच पानं मोठ्यानं वाचायची, मागं काय झालं ते वेगळं सांगायला लागत नाही, आणि ज्याचा माणूस दमलेला होता तो लगेच तिथनंच सुरू करतो.

पुढची तारीख उठायच्या आधीच ठरवा, "बघूया, मेसेज करतो" म्हटलं की गेलं ते. आणि पुढच्या वेळी कोणाला यायला जमलं नाही, परीक्षा आली, लग्न आलं, पेरणी आली, तर खेळ रद्द करू नका. त्याचा माणूस जांबोटीत कोणा पाव्हण्याच्या घरी राहिलाय, पाय मुरगळलाय, अज्जी तेल लावून देतीय. बाकीचे पुढं निघतील, आणि तो आला की मागनं येणाऱ्या मिठाच्या तांड्याबरोबर त्याला कणकुंबीत गाठायचं, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा, त्या घरात इतके दिवस काय काय ऐकलंस ते सांग.